सतरा दिवस लवकर आलेला धोबी: एका दरीतल्या नोंदवहीचं प्रकरण

पार्श्वभूमी

दरी लहान आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून ओढा, काठाने शेतं. वरच्या अंगाला जुना दगडी पूल, खाली बंधारा. दोन्हींमधलं अंतर पायी दीड किलोमीटर. या दीड किलोमीटरवर बारा वर्षं पक्ष्यांची नोंदवही चालली होती तेव्हाची ही हकिकत. दरीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदलले आहेत.

शरदातलं स्थलांतर म्हटलं की आभाळभर थवे डोळ्यांसमोर येतात. लहान दरीत तसं काही होत नाही. काल रिकामा असलेला दगड आज रिकामा नसतो, एवढंच. बरेचसे छोटे पक्षी रात्री उडतात आणि उजाडताना बरी जागा दिसेल तिथे उतरतात. म्हणून पहाटे पुलावर उभं राहिलं की रात्रीतून कोण आलं ते कळतं: तारेवर खाटिक, कुंपणावर गप्पीदास, बंधाऱ्याच्या चिखलात तुतवार. आमच्याकडे या सगळ्यांच्या आधी येतो तो करडा धोबी. राखी पाठ, शेपटीखाली पिवळा, आणि ती लांब शेपटी सतत वरखाली. वीण डोंगराळ, थंड मुलखातल्या ओढ्यांकाठी. हिवाळा काढायला तो खाली उतरतो, पाण्याकाठचा एक पट्टा धरतो आणि दुसरा धोबी आला तर त्याला हाकलून लावतो.

वही सुरू केली ती एका निवृत्त शिक्षकांनी. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. पहिली पाच वर्षं ते एकटेच जायचे. दर रविवारी, सकाळी साडेसहा ते साडेआठ, पुलापासून बंधाऱ्यापर्यंत. सहाव्या वर्षी आम्ही दोघं त्यांना जाऊन मिळालो. नवव्या वर्षापासून गट अकरा जणांचा झाला. मग वही मागे पडली आणि नोंदी फोनवर येऊ लागल्या: फोटो, वेळ, जागा. दिसलं की टाकायचं.

गटात एक प्रथा पडली होती, आणि ती पाडली मीच. हंगामातला पहिला धोबी ज्याला दिसेल त्याचं नाव वहीत तांबड्या शाईने लिहायचं. गंमत म्हणून सुरू केलं. तीन वर्षांत अशी वेळ आली की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ओढ्याकाठी रोज कोणी ना कोणी उभं असायचं.

अडचण

बाराव्या वर्षी दरीतल्या शाळेत बोलायला बोलावणं आलं. गटातल्या एका विद्यार्थिनीने वही आणि फोनमधल्या नोंदी एकत्र करून आलेख काढला. पहिल्या पाच वर्षांत पहिला धोबी दिसल्याच्या तारखा होत्या १३, १२, १८, ९ आणि १५ सप्टेंबर. शेवटच्या चार वर्षांत ३०, २७, २९ आणि २४ ऑगस्ट. सरासरीत फरक सतरा दिवसांचा.

रेघ डावीकडून उजवीकडे सरळ खाली उतरत होती. अशी रेघ बघितली की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो. निदान आम्ही थांबलो. हवामान बदलतंय हे माहीतच होतं, आता आपल्या ओढ्यावरचा पुरावा हाती आला असं वाटलं. गटातल्या एकाच्या ओळखीचे वार्ताहर होते. त्यांना शुक्रवारपर्यंत मजकूर हवा होता. त्याने उत्साहाच्या भरात फोनवर आकडा सांगूनही टाकला.

बुधवारी रात्री अकराला त्या विद्यार्थिनीचा मला निरोप आला: “दादा, गुरुजींच्या पाचही तारखा रविवारच्या आहेत.”

कोणताही नवा शोध तिने लावला नव्हता. तारखांशेजारी कॅलेंडर ठेवून बघितलं होतं. गुरुजी रविवारीच जात, म्हणजे त्यांचा पहिला धोबी रविवारीच दिसणार. सोमवारी आलेला पक्षी त्यांच्या वहीत सहा दिवस उशिरा लिहिला जाणार, आणि त्या रविवारी तो झाडोऱ्याआड असला तर तेरा दिवस उशिरा. अकरा माणसं रोज बघत असली की हा उशीर जवळजवळ नाहीसा होतो. पावसाचा पहिला थेंब कधी पडला हे एकाला विचारा आणि अंगणात उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा. पाऊस तोच, पण दहा जणांपैकी कोणाच्या तरी अंगावर तो आधी पडणार.

म्हणजे आमची रेघ काय मोजत होती? धोबी लवकर येतोय हे, की गट मोठा झाला हे?

समोरचे पर्याय

गुरुवारी संध्याकाळी पाच जण बसलो. गुरुजींना बोलावलं नाही, ही चूक. तिच्याबद्दल पुढे येईलच.

एक मत असं होतं की आकडा जसा आहे तसा द्यावा. तारखा खोट्या नाहीत, आणि पक्षी लवकर येतात हे जगभर दिसतंच आहे. या म्हणण्यात मेख होती. जगभर जे दिसतं त्यातलं बरंचसं वसंतातल्या आगमनाबद्दलचं आहे. शरदातलं चित्र तितकं सरळ नाही. काही जाती लवकर निघतात, काही उशिरा. शिवाय दुसरीकडे खरं असलेलं आमच्या ओढ्यावर सिद्ध झालं, असं होत नाही.

दुसरं मत मधलं होतं: आकडा द्यावा आणि खाली एक ओळ टाकावी की निरीक्षकांची संख्या वाढल्याचाही परिणाम असू शकेल. मला तेव्हा हेच पटलं होतं. विद्यार्थिनीने विचारलं, “ती ओळ छापतील का?” कोणीच उत्तर दिलं नाही.

तिसरं मत सगळंच थांबवण्याचं. शाळेत पक्ष्यांची ओळख करून द्यावी, आलेख दाखवूच नये. सुरक्षित होतं, पण बारा वर्षांच्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहत होता.

चौथी वाट तिनेच सुचवली. मोठ्या गटाच्या नोंदी मुद्दाम लहान करायच्या. शेवटच्या चार वर्षांतल्या फक्त रविवारच्या, फक्त साडेसहा ते साडेआठमधल्या, फक्त पूल ते बंधारा पट्ट्यातल्या नोंदी ठेवायच्या आणि बाकी सगळ्या झाकायच्या. गुरुजींनी बघितलं असतं तेवढंच आपण बघितलं असं धरायचं, आणि मग पहिली तारीख कोणती येते ते बघायचं.

शाळेतला कार्यक्रम दहा दिवसांवर होता. तेवढा वेळ पुरेसा होता. वार्ताहरांना “थोडं थांबा” असं कळवायचं ठरलं.

काय केलं

अशी गाळणी लावल्यावर पहिल्या तारखा आल्या १०, ९, ८ आणि १३ सप्टेंबर. सरासरी १० सप्टेंबर. सतरा दिवसांचे साडेतीनसुद्धा राहिले नाहीत. आठवड्यातून एकदाच बघितलं की प्रत्येक तारखेत सात दिवसांची ढील असतेच, त्यामुळे साडेतीन दिवसांना काही अर्थ उरत नाही.

मग एकेक लवकरची नोंद उलगडून बघितली. २४ ऑगस्टचा फोटो सगळ्यांनी शंभर वेळा बघितला असेल. तांबड्या शाईतलं सगळ्यात लवकरचं नाव त्याच नोंदीचं. आता पायांकडे बघितलं. करड्या धोब्याचे पाय फिकट, गुलाबीसर. पिवळ्या धोब्याचे काळे, आणि शेपटीही आखूड. फोटोत पक्षी गवतात, पाय झाकलेले, आणि शेपटी जेवढी दिसत होती तेवढ्यावरून ती फारशी लांब वाटत नव्हती. नोंद “शंकास्पद” या रकान्यात गेली. ज्याची होती तो दोन दिवस बोलला नाही. मोठ्या स्पर्धेत लवकरचा पक्षी दिसावा ही इच्छाच डोळ्यांवर बसते. मी स्वतः त्याच्या जागी असतो तर मलाही पिवळं पोट दिसलं असतं आणि पाय दिसले नसते.

खरा धक्का पुढे होता. गाळणी लावताना प्रश्न आला की ज्या रविवारी धोब्याची नोंद नाही, त्या रविवारी तो दिसला नाही की कोणी गेलंच नव्हतं? फोनच्या नोंदींमधून हे कळेना, कारण दिसलं तरच टाकायची पद्धत. अंदाज बांधावा लागला: त्याच सकाळी त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या पक्ष्यांच्या नोंदी असल्या तर कोणीतरी गेलं होतं. आणि गुरुजींच्या जुन्या वहीत? तिथे प्रत्येक रविवारची तारीख होती, निघाल्याची आणि परतल्याची वेळ होती, आणि जिथे धोबी नाही तिथे एक शब्द होता: “रिकामा”. पाच वर्षांतला एकही रविवार सुटलेला नव्हता. तापाने अंथरुणाला खिळले होते तेव्हाचा “गेलो नाही” सुद्धा लिहिलेला.

आलेखात आम्ही त्या पाच वर्षांना “एकच निरीक्षक, कमी नोंदी” अशी तळटीप दिली होती.

हे काही आम्हालाच प्रथम सुचलं असं नाही. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी पक्षिगणना सुरू केली तेव्हा सत्तावीस माणसं होती. पुढे माणसं हजारोंनी वाढली, तेव्हा नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरायला लागली. म्हणून किती गट किती तास फिरले त्याने आकडा भागायची पद्धत पडली. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर नोंद करताना किती वेळ, किती अंतर, किती माणसं हे विचारतात, आणि शेवटी हेही विचारतात की ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. आमच्यापैकी सहा जण ते ॲप वापरत होते आणि तो शेवटचा प्रश्न कंटाळून टाळत होते. सगळे पक्षी लिहिले असतील तर न लिहिलेल्याचाही अर्थ लावता येतो. त्या प्रश्नाचं कारण आम्हाला त्या आठवड्यात कळलं.

ओढ्यावरच्या आजी

हा भाग आमच्या योजनेत नव्हता. पुलाखाली रोज सकाळी कपडे धुवायला येणाऱ्या एक आजी आहेत. विद्यार्थिनी तिथे जुन्या नोंदींमधल्या जागा पडताळत होती. आजींनी विचारलं काय चाललंय, तिने सांगितलं की धोबी लवकर यायला लागलाय का ते बघतोय.

“पाखरू आधीपण यायचं,” आजी म्हणाल्या. “बसायला दगड नव्हते. वरनं ओरडत जायचं.”

आठव्या वर्षी वरच्या अंगाला आणखी एक बंधारा झाला होता. तेव्हापासून ओढ्याचा पूर लवकर उतरतो. आधी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी गढूळ, दुथडी असायचं आणि मधले दगड बुडालेले असायचे. दगड बुडालेले म्हणजे धोबी बसलेला दिसणार नाही, आणि पाण्याच्या आवाजात त्याची ती बारीक, धारदार हाक ऐकू येणार नाही. म्हणजे निरीक्षकांची संख्या हे एक कारण झालं. ओढा स्वतःच बदलला हे दुसरं. गुरुजींच्या काळातले काही “रिकामे” रविवार रिकामे नसूही शकतील.

बारा वर्षं आम्ही त्या पुलावरून येत-जात होतो. आजींना नमस्कार करायचो आणि पुढे जायचो.

निष्पत्ती

रविवारी वर्तमानपत्रात बातमी आली. मथळ्यात “सतरा दिवस” होते. फोनवर सांगितलेला आकडा परत घेता आला नाही. “थोडं थांबा” हा निरोप पोचला तेव्हा पान लागलं होतं, असं कळलं. आम्ही खुलासा पाठवला, तो चार दिवसांनी दोन ओळींत छापला गेला. अजूनही कोणी भेटलं की विचारतं, “तुमचा तो सतरा दिवसांचा पक्षी यंदा कधी?”

शाळेत मात्र दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले: आधीचा, आणि गाळणीनंतरचा. मुलांना विचारलं की फरक कशाने पडला असेल. सहावीतल्या एकाने पहिल्याच झटक्यात सांगितलं, “तुम्ही जास्त वेळा गेलात.” आम्हाला बारा वर्षं लागली होती.

गुरुजी कार्यक्रमाला आले, शेवटच्या बाकावर बसले. आपल्या वहीवर गटात चर्चा झाली आणि आपल्याला विचारलं नाही, हे त्यांना बाहेरून कळलं होतं. नंतर एवढंच म्हणाले, “विचारलं असतं तर पाण्याचं मीही सांगितलं असतं.” त्यांच्या वहीत समासात “पाणी गढूळ”, “दगड वर” असे शेरे होते. आलेखासाठी तारखा उतरवताना समास कोणी वाचलाच नव्हता.

पुढच्या हंगामापासून पद्धत बदलली. बुधवार आणि रविवार अशा आठवड्याला दोन ठरलेल्या फेऱ्या, जोडीने, ठरलेल्या वेळी, पट्ट्याचे चार भाग करून. दिसो न दिसो, नोंद करायचीच. पुलाच्या खांबावर रंगाचे पट्टे मारले, पाणी कितव्या पट्ट्यावर आहे ते लिहायचं, आणि पुलावरून किती दगड उघडे दिसतात ते मोजायचं. फेरीबाहेर दिसलेला पक्षी वेगळ्या पानावर.

पहिल्या तारखेऐवजी दुसरं एक माप घेतलं. ऑक्टोबरअखेर या पट्ट्यात जेवढे धोबी स्थिरावतात, त्याच्या निम्मे ज्या फेरीत पहिल्यांदा मोजले गेले ती तारीख. एखादा भटका पक्षी लवकर आला किंवा एखादी ओळख चुकली म्हणून ती हलत नाही. तेराव्या वर्षी पहिला धोबी २५ ऑगस्टला दिसला, चौदाव्या वर्षी ४ सप्टेंबरला. फरक दहा दिवसांचा. मथळ्याला पुरला असता. निम्म्याची तारीख तेराव्या वर्षी २२ सप्टेंबर, चौदाव्या वर्षी २१. चौदाव्या वर्षी ऑगस्टअखेर पाणी वरच्या पट्ट्याच्या खाली आलंच नव्हतं, आणि त्या काळातल्या दोन फेऱ्यांत डोक्यावरून हाक ऐकू आल्याची नोंद आहे, पक्षी दिसल्याची नाही.

धोबी लवकर येतोय का? दोन वर्षांच्या मापावरून काही सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये ऋतूंच्या खुणांच्या नोंदी सुरू केल्या, त्या त्यांच्या घराण्याने १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. तेवढा धीर आमच्यात नाही, पण पुढची दहा वर्षं तरी पट्टे पुसले जाणार नाहीत याची व्यवस्था केली आहे.

निर्णयाच्या जागा

मागे वळून बघताना तीन ठिकाणी वाट चुकली, किंवा चुकता चुकता सावरली, असं वाटतं.

पहिली जागा नवव्या वर्षाची. वहीवरून फोनवर गेलो तेव्हा काय गमावतोय याचा हिशेब केला नाही. फोटो आले, जागा बिनचूक आली, आणि “रिकामा” गेला. तेव्हा कोणी म्हटलं असतं की न दिसल्याचीही नोंद टाका, तर आम्ही हसलो असतो. तरीही आज पुन्हा करायचं झालं तर साधन बदलण्याआधी जुन्या वहीतला प्रत्येक रकाना नव्यात कुठे जाणार, हे कागदावर लिहून काढेन.

दुसरी जागा गुरुवारच्या बैठकीची. चौथी वाट निवडली हे बरोबर झालं. पण ज्यांची वही, ते बाहेर. कारण असं दिलं गेलं की त्यांना वाईट वाटेल. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं: त्यांच्या पाच वर्षांना आम्ही कच्च्या नोंदी धरून चाललो होतो. ते असते तर पाण्याचा मुद्दा त्याच संध्याकाळी समोर आला असता.

तिसरी जागा फोनवर आकडा सांगण्याची. त्यावर गटात अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं की तपासणी पूर्ण होईपर्यंत बाहेर कोणाशी बोलायचंच नाही. मला ते अव्यवहार्य वाटतं. दरीतली माणसं विचारतात, आणि आजींसारख्यांशी बोललो नसतो तर अर्धी गोष्ट कळलीच नसती. सध्या आम्ही काय बघितलं ते सांगतो, त्यावरून काय निघतं ते सांगत नाही. ही रेषा नेहमी पाळता येतेच असं नाही.

तांबड्या शाईवरही वाद झाला. मी बंद करा म्हणालो. नव्या पोरांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, ऑगस्टमध्ये पहाटे उठायला काहीतरी लागतंच. शेवटी शाई राहिली, पण ती फेरीबाहेरच्या पानावर. मोजणीच्या पानावर फक्त काळी. यंदाच्या त्या पानावर ऑगस्टच्या पहिल्या सहा फेऱ्यांपुढे सहा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच शब्द आहे: रिकामा.